थेरपी एकच, मुलं दोन

समजा, नौपाड्यातल्या दोन घरांतली ऑटिझम असलेली तीन-तीन वर्षांची मुलं एकाच थेरपिस्टकडे जातात. वर्षभराने एक वाक्यं बोलू लागतं; दुसरं अजून आईचा हात धरून फ्रिजपाशी नेतं. चूक कुणाची? बहुधा कुणाचीच नाही. थेरपी सुरू झाली तेव्हाचं वय, भाषेची समज, नक्कल करण्याची क्षमता, झोप, फिट्स, असा प्रत्येकाचा पायाच निराळा.

अभ्यासांतही हाच फरक दिसतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांनी आठवड्याला ४० तास वर्तन-थेरपी दिलेल्या १९ मुलांपैकी ९ नेहमीच्या वर्गात पहिली पास झाली (१९८७). जाहिरातबाजीत उरलेली १० मुलं हमखास गाळली जातात!

गोवा आणि रावळपिंडीतल्या ६५ मुलांच्या ‘पास’ अभ्यासात (२०१६) मुलांशी संवाद कसा साधायचा हे पालकांनाच शिकवलं गेलं. मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. पालकांसोबत एकाच गोष्टीत रमणं मात्र वाढलं नाही, उलट कमी दिसलं.

शिवाय घर असतंच. केंद्रात ‘पाणी’ म्हणायला शिकलेल्या नातवापुढे आजी मागण्याआधीच पेला धरते. मग शब्द लागतो कशाला? थेरपिस्टला तास किती हे विचाराल, तेव्हा घरी काय करायचं तेही विचारा.