सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला जाताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, सेंट अँड्र्यूज हे छोटं विद्यापीठनगर आहे. तिथल्या ‘ओल्ड कोर्स’वर एकदा तरी खेळावं, असं जगभरच्या गोल्फप्रेमींना वाटतं. पुण्या-मुंबईच्या क्लबांमध्येही हा बेत दरवर्षी निघतो आणि बरेचदा बोलण्यातच विरतो, कारण ‘ते आपल्यासाठी नाही’ अशी समजूत आधीच झालेली असते. ती समजूत चुकीची आहे. हा कोर्स सर्वांसाठी खुला आहे. तिथली पद्धत समजून घेऊन हाताशी पुरेसे दिवस ठेवले, तर सर्वसाधारण खेळाडूलाही तिथे खेळता येतं.

गैरसमज १: ओल्ड कोर्स एका खासगी क्लबच्या मालकीचा आहे.

वस्तुस्थिती: पहिल्या टीच्या मागे दिसणारी दगडी इमारत ‘रॉयल अँड एन्शंट’ या १७५४ साली स्थापन झालेल्या क्लबची आहे. कोर्स मात्र सार्वजनिक जमिनीवर आहे. त्याची व्यवस्था पाहणारा सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट १९७४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाला.

गावाचा हा हक्क फार जुना आहे. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या जमिनीवर ससे पाळण्याची मुभा मिळाली, पण त्याच दस्तऐवजात इथे गोल्फ खेळण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केलेला आहे. पुढे १७९७ साली गावाचं दिवाळं निघालं, जमीन विकली गेली आणि नव्या मालकांनी तिथे सशांची पैदास सुरू केली. खेळणारे आणि ससे पाळणारे यांच्यात वीसहून अधिक वर्षं भांडण चाललं. १८२१ साली शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी ही जमीन विकत घेऊन गोल्फ वाचवला. १८९३ साली ती क्लबच्या हाती गेली, पण पुढच्याच वर्षी खास कायदा करून गावाने ती परत मिळवली. पिढ्यान्‌पिढ्या भांडून राखलेल्या या हक्कामुळेच आज बाहेरचा पाहुणाही इथे खेळू शकतो. त्याला ना सदस्यत्व लागतं, ना कुणाची शिफारस.

गैरसमज २: वर्षभर आधी बुकिंग केलं नाही, तर संधी गेली.

वस्तुस्थिती: आगाऊ बुकिंग असतं, आणि त्यासाठी आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. काही सहल कंपन्या खेळाची वेळ आणि हॉटेल एकत्र करून महाग पॅकेजही विकतात. पण खेळाच्या बऱ्याचशा वेळा रोजच्या सोडतीतून दिल्या जातात. म्हाडाच्या घरांसारखंच हे असतं: अर्ज सगळ्यांना खुला, पुढचं नशिबावर. दोन ते चार जणांच्या गटाने खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी, दुपारी दोनच्या आत नाव द्यायचं. निकाल त्याच दिवशी लागतो. नाव आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज करता येतो.

एकटा खेळाडू या सोडतीत उतरू शकत नाही. तीन किंवा कमी जणांच्या गटात जागा रिकामी असेल, तर तिथे त्याला घेतात. पूर्वी त्यासाठी लोक रात्रीच्या अंधारात रांग लावत. २०२४पासून आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं आणि मग संगणकीय सोडत होते.

दोन अटी लक्षात ठेवा. हँडिकॅपचा अधिकृत पुरावा सोबत लागतो, तो निघण्यापूर्वी आपल्या क्लबकडून घ्या. आणि फी कमी नाही: २०२४च्या ऐन हंगामात एका फेरीला ३२० पौंड पडत होते. हिवाळ्यात फी बरीच उतरते, पण तेव्हा गवत जपण्यासाठी फेअरवेवर चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो.

गैरसमज ३: शनिवार-रविवार धरून गेलं की झालं.

वस्तुस्थिती: रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला, तर त्या दिवशी ही जागा गावाची बाग होते. लोक कुत्र्यांना फिरवतात, मुलं बंकरच्या वाळूत खेळतात, पाहुणे अठराव्या होलवरच्या स्विल्कन पुलावर उभे राहून फोटो काढतात. खेळायचं नसलं, तरी रविवारी कोर्सवरून एकदा चालून या. चढउतार आणि लपलेले बंकर पायाखालून गेले, की सोमवारचा खेळ सुधारतो.

तारखा ठरवताना स्पर्धांचं वेळापत्रकही पाहा. शरद ऋतूत डनहिल लिंक्स स्पर्धा भरते, तर २०२७च्या जुलैत ‘ओपन’ पुन्हा इथे येणार आहे. अशा काळात सामान्य खेळाडूला जागा मिळत नाही.

गैरसमज ४: स्कॉटलंडमध्ये सतत मुसळधार पाऊस पडतो.

वस्तुस्थिती: पश्चिम स्कॉटलंड खूप भिजतो, पूर्व किनारा बराच कोरडा राहतो. सेंट अँड्र्यूज परिसरात वर्षभरात साधारण पुण्याइतकाच पाऊस पडतो. फरक इतकाच, की तो बाराही महिने थोडाथोडा येतो. शिवाय जमीन वाळूची असल्याने पाणी झटकन मुरतं.

खरी परीक्षा वारा घेतो. २०१५च्या ओपनमध्ये शनिवारी हिरवळीवर ठेवलेले चेंडू वाऱ्याने सरकू लागले, खेळ तासन्‌तास थांबला आणि स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. म्हणून निघण्यापूर्वी चेंडू खालून, जमिनीलगत मारण्याचा सराव करा. जूनमध्येही स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट लागतं. पण त्या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे खेळायला वेळ भरपूर मिळतो.

गैरसमज ५: कोर्स सपाट आणि रुंद आहे, म्हणजे सोपा आहे.

वस्तुस्थिती: पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे सलग, प्रचंड रुंद आहे आणि त्यात एकही बंकर नाही. तिथेच फसगत होते. कोर्सवर एकूण ११२ बंकर आहेत आणि त्यातले कित्येक टीवरून दिसतच नाहीत. चौदाव्या होलवरच्या ‘हेल’ बंकरमधून बाहेर पडायला १९९५च्या ओपनमध्ये जॅक निक्लॉस यांना चार फटके लागले आणि त्या होलवर त्यांचे दहा फटके झाले. उलट २००० साली टायगर वुड्स चारही फेऱ्यांत एकदाही बंकरमध्ये गेला नाही आणि आठ फटक्यांच्या फरकाने जिंकला. कुठे मारायचं यापेक्षा कुठे मारायचं नाही, हे इथे जास्त महत्त्वाचं ठरतं.

हिरवळींचं गणितही वेगळं आहे. अठरा होलांपैकी चौदा होल सात जोड-हिरवळींवर संपतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज अठरा येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं. या हिरवळी इतक्या अवाढव्य आहेत, की तीस मीटरवरूनही पटिंग करावं लागतं. म्हणून कॅडी घेणं परवडत असेल, तर जरूर घ्या. वैद्यकीय कारण असल्याशिवाय बग्गी मिळत नाही. सात-आठ किलोमीटर पायीच चालायचं आहे, तेव्हा महिनाभर आधी चालण्याची सवय लावा.

गैरसमज ६: ओल्ड कोर्स मिळाला नाही, तर सहल फुकट.

वस्तुस्थिती: ट्रस्टकडे एकूण सात कोर्स आहेत. ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलेला ‘न्यू’ १८९५चा आहे, ‘जुबिली’ १८९७चा. हे दोन्ही ओल्ड कोर्सला लागूनच आहेत, फी बरीच कमी आहे आणि खेळ तितकाच कसदार. खरं तर समुद्राच्या जवळ ‘जुबिली’ आहे. ओल्ड कोर्स आणि वेस्ट सँड्सचा किनारा यांच्या मध्ये हे दोन कोर्स आणि वाळूच्या टेकड्या येतात, त्यामुळे लाटांच्या काठाने खेळण्याची कल्पना करून जाणारे ओल्ड कोर्सवर चकित होतात. समुद्र सतत डोळ्यांसमोर हवा असेल, तर २००८ साली सुरू झालेला ‘कॅसल’ किंवा जवळच्या गावातला ‘किंग्सबार्न्स’ निवडा. नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी नऊ होलांचा ‘बालगोव्ह’ आहे. आणि ‘हिमालयाज’ नावाच्या उंचसखल पटिंग-मैदानावर घरातली न खेळणारी माणसंही थोड्या पैशांत तासभर रमतात. ते चालवणारा महिलांचा क्लब १८६७चा आहे.

गैरसमज ७: युरोपच्या व्हिसावर तिथे जाता येतं आणि रेल्वे थेट गावात पोचते.

वस्तुस्थिती: स्कॉटलंडसाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो, शेंगेन चालत नाही. सेंट अँड्र्यूजचं रेल्वे स्थानक १९६९ साली बंद झालं. एडिंबरोहून साधारण तासाभरात लूकर्स स्थानक येतं आणि तिथून बसने दहा-पंधरा मिनिटांत गावात पोचता येतं. विमानात गोल्फच्या पिशवीसाठी वेगळा आकार पडू शकतो, तो तिकीट काढतानाच विचारा.

बेत आखताना क्रम असा ठेवा: आधी हँडिकॅपचा दाखला, मग व्हिसा, मग स्पर्धा आणि रविवार टाळून निवडलेले पाच-सहा दिवस. ‘न्यू’ किंवा ‘जुबिली’वरची एक फेरी आधीच पक्की करा आणि ओल्ड कोर्ससाठी रोज सोडतीत नाव देत राहा. दोनच दिवस घेऊन गेलेल्या माणसाची सारी मदार एका निकालावर असते. आठवडाभर राहणाऱ्याला ती संधी पुन्हा पुन्हा मिळते, आणि ज्या गावाने ही जमीन सर्वांसाठी राखली, त्या गावाशी त्याची ओळखही होते.