कायरोप्रॅक्टरला परवाना कोण देतं?

मणके हाताने दाबून-फिरवून बसवण्याची कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती १८९५ मध्ये अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्टला, डी. डी. पामर यांनी सुरू केली. परवान्याचा पहिला कायदा कॅन्ससने १९१३ मध्ये केला, शेवटचा लुईझियानाने १९७४ मध्ये. परवाना आजही राज्याचं मंडळच देतं. पण त्याच्या दारापर्यंत कोण पोचणार, हे दोन खासगी, ना-नफा संस्था ठरवतात.

पहिली ‘कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन’. ती कॉलेजांना मान्यता देते आणि १९७४ पासून तिला केंद्र सरकारची मान्यता आहे. ‘स्ट्रेट’ म्हणवणाऱ्या जुन्या वळणाच्या गटाने १९८८ मध्ये आपली वेगळी संस्था सरकारदरबारी उभी केली, पण ती फार टिकली नाही. दुसरी १९६३ सालची ‘नॅशनल बोर्ड ऑफ कायरोप्रॅक्टिक एक्झामिनर्स’, कोलोरॅडोतल्या ग्रीली गावची. तिच्या परीक्षेच्या चौथ्या भागात प्रात्यक्षिक असतं. रुग्णाचं सोंग घेतलेल्या माणसाला उमेदवार तपासतो, मणक्यावर हात नेमके ठेवतो, पवित्रा घेतो आणि थांबतो. झटका द्यायचा नसतो. आयुष्यभर जे करायचं, नेमकं तेवढंच तपासायचं राहतं! सोंग घेणाऱ्याच्या मानेचा विचार करता हे ठीकच आहे म्हणा.

राज्य मंडळांचा महासंघही ग्रीलीतच आहे. परीक्षा संस्थेच्या विभागीय संचालकांना राज्य मंडळांचे प्रतिनिधी निवडून देतात. महासंघालाही तिथे जागा आहेत. परीक्षा सक्तीची करणारे आणि ती घेणारे असे एकाच पंगतीला बसतात. यात गैरव्यवहार असेलच असं नाही, पण तपासणार कोण? राज्य मंडळाकडून माहितीच्या कायद्याने कागद मागवता येतात. खासगी संस्थेपर्यंत तो हक्क सहसा पोचत नाही. तिचं करविवरणपत्र तेवढं खुलं असतं. त्यात वरिष्ठांचे पगार दिसतात, निर्णयांची कारणं दिसत नाहीत.

या सत्तेचा दणका २००२ मध्ये जॉर्जियातल्या लाइफ युनिव्हर्सिटीला बसला. कौन्सिलने तिची मान्यता काढली. ती नसेल तर बहुतेक राज्यांत पदवीधराला परवाना नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कित्येकांनी दुसरं कॉलेज गाठलं. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी हंगामी हुकूम देऊन मान्यता परत मिळवून दिली. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं.

प्रश्नपत्रिका गुप्तच राहायला हवी. मात्र शुल्क कसं ठरतं, संचालक कसे येतात, बैठकीत काय ठरलं, याचा जाब विधिमंडळांनी मागावा. या संस्थांना कायद्यात आणि नियमांत जागा राज्यांनीच दिली आहे.