विजेचं बिल शून्य, पाण्याचं कोण भरणार?

वरूडला सातपुड्याच्या पायथ्याशी माझी संत्र्याची बाग आहे. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री साप-विंचवाच्या वावरात कोण जाणार, म्हणून पंपाला ऑटो स्विच असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो; झाडाची तहान भागली तरी वीज जाईपर्यंत उपसा चालूच.

केंद्रीय भूजल मंडळाच्या लेखी आमचा तालुका ‘अतिशोषित’ आहे. वर्षभरात मुरतं त्याहून जास्त पाणी आम्ही काढतो. 2019च्या उन्हाळ्यात इथल्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. 2016च्या पहिल्या ‘वॉटर कप’ या जलसंधारण स्पर्धेच्या तीन तालुक्यांत वरूड होता. गावांनी श्रमदानानं चर खोदले, बांध घातले. पण पाणी मुरवायला गावाला राबावं लागतं, उपसायला एक बटन पुरतं.

उपशावर कायदा आहे. 2009चा महाराष्ट्र भूजल अधिनियम 2014पासून लागू झाला. त्यात शेतीसाठी 60 मीटरहून खोल विहिरीला, बोअरला मनाई आहे. तरी आमच्याकडं बोअर सातशे-आठशे फुटांवर जातात. खोली कायदा नाही, विजेचा दर ठरवतो. आधी बऱ्याच पंपांना अश्वशक्तीनुसार ठोक बिल होतं. एप्रिल 2024पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. पंप तासभर चालवा की रात्रभर, खर्च तोच.

राज्यातली बरीचशी वीज कोळशाची आहे, आणि तिलाही पाणी लागतं. नांदगाव पेठचं 1350 मेगावॅटचं औष्णिक केंद्र मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी घेतं. वीज करताना धरणातलं पाणी जातं, वापरताना जमिनीतलं.

सौरपंपानं कोळसा वाचेल, रात्री पंप चालण्याचंही टळेल. मात्र पाणी आपोआप वाचणार नाही, कारण ऊनही फुकटच आहे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावानं यावर तोड काढली. तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था 2016पासून सौरपंपांची उरलेली वीज वीज कंपनीला विकते. पंप बंद ठेवला तर हाती पैसा येतो.

संत्र्याचा भाव पडलेला असताना शेतकऱ्याची सवलत काढा, असं मी कधीही म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे: सौरपंप देताना त्याला मीटर लावा, तो ग्रीडला जोडा आणि वाचलेल्या प्रत्येक युनिटचा दाम शेतकऱ्याच्या खात्यात टाका. आज सरकार उपशाला पैसे देतं. तेच पैसे बचतीला मिळाले, तर वरूडचा शेतकरी स्वतःच्या हातानं पंप बंद करील.