मॅडिसन परगण्यातील ऐतिहासिक वास्तू

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयोवा राज्याच्या मॅडिसन ह्या ग्रामीण परगण्यातील, ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झालेल्या इमारती, पूल व इतर बांधकामे. परगण्याचे क्षेत्रफळ सु. १,४५५ चौ. किमी. व लोकसंख्या १६,५४८ (२०२०) आहे. तो डे मॉइन ह्या राज्याच्या राजधानीच्या नैर्ऋत्येस असून विंटरसेट हे त्याचे मुख्य ठिकाण आहे. चुनखडकाची घरे आणि छप्पर असलेले लाकडी पूल ह्यांमुळे हा लहानसा कृषिप्रधान परगणा वास्तुजतनाच्या अभ्यासात उल्लेखनीय ठरला आहे.

नोंदीचे स्वरूप : १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन अधिनियमान्वये ही नोंदवही अस्तित्वात आली. तिची व्यवस्था संघराज्याच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. महत्त्वाच्या घटनांशी वा व्यक्तींशी संबंध, बांधकामाचे वैशिष्ट्य किंवा इतिहासविषयक माहिती मिळण्याची शक्यता ह्यांपैकी निदान एक निकष वास्तूने पुरा करावा लागतो. ती सामान्यतः पन्नास वर्षांहून जुनी असावी आणि तिचे मूळ रूप बव्हंशी टिकलेले असावे, अशीही अपेक्षा असते. भारतात १९५८ च्या अधिनियमानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या स्मारकाची नासधूस करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. अमेरिकेतील नोंदीला मात्र असे संरक्षक बळ नाही. खाजगी मालक स्वतःच्या पैशाने नोंद झालेली वास्तू बदलू अथवा पाडूही शकतो. फक्त संघशासनाचा पैसा वा परवाना गुंतलेला असल्यास वास्तूवरील परिणामांचा आधी विचार करावा लागतो. नोंद हा मुख्यतः महत्त्वाचा दाखला होय. प्रत्यक्ष जतनाचा भार मालकावर व स्थानिक समाजावर राहतो.

दगडी वास्तू : ह्या भागात कार्बॉनिफेरस कालखंडातील चुनखडक भूपृष्ठाजवळ आढळतो. त्याच्या एका थराला भूविज्ञानात विंटरसेट हेच नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या वसाहतकऱ्यांनी जवळच्या खाणींतील दगड काढून घरे, कोठारे व शाळा बांधल्या. दर्शनी भागास व कोपऱ्यांस घडीव चिरे आणि उरलेल्या भिंतींस अनघड दगड, अशी काटकसरीची पद्धत अनेक घरांत दिसते. गवंड्यांमध्ये केलेब क्लार्क व डेव्हिड हॅरिस ह्यांची नावे येतात. अशा अनेक वास्तूंची नोंद १९८७ मध्ये एका समान विषयाखाली, एकगट्ठा झाली. एकेकटे घर साधे असले, तरी सर्व मिळून वसाहतकालाचा पुरावा ठरतात, हे त्यामागील सूत्र होते. ह्याच चुनखडकाची विंटरसेट येथील परगणा-न्यायालयाची इमारत (१८७६–७८) आधीची इमारत आगीत नष्ट झाल्यावर बांधण्यात आली. वास्तुविशारद ॲल्फ्रेड पिकनार्ड ह्याने तिचे विधान समभुज क्रूसाकृती ठेवून मध्यभागी घुमट उभारला.

आच्छादित पूल : परगण्यात एकेकाळी असे १९ पूल होते. पुलावरील छप्पर शोभेसाठी नव्हते. पुलाच्या जमिनीचे मोठे लाकूड महाग असे. ते पावसाने कुजून बदलावे लागण्यापेक्षा भिंती व छप्पर ह्यांच्या स्वस्त फळ्या बदलणे परगणा मंडळास परवडे. नजीकच्या रहिवाशाचे नाव पुलास देण्याची रीत होती. बेंटन जोन्स ह्या बांधकाम करणाऱ्याने जाळीदार लाकडी कैच्या वापरून सपाट छपराचे पूल उभारले. त्यांपैकी हॉलिवेल (१८८०, लांबी सु. ३७ मी.), रोझमन (१८८३) व हॉगबॅक (१८८४) हे टिकून आहेत. आइम्स पूल (१८७०) सर्वांत जुना असून तो १८८७ व १९७७ मध्ये स्थलांतरित झाला. कटलर-डॉनहो पूल विंटरसेटच्या नगरोद्यानात हलविण्यात आला. बहुतेक पुलांची राष्ट्रीय नोंद १९७६ मध्ये झाली. त्यांच्या गौरवार्थ ऑक्टोबरमध्ये भरणारा उत्सव १९७० पासूनचा आहे. रॉबर्ट जेम्स वॉलरच्या कादंबरीने (१९९२) व तिच्यावरील चित्रपटाने (१९९५) पुलांना जगभर प्रसिद्धी मिळाली.

नोंद व नाश : मॅकब्राइड पूल १९८३ मध्ये आग लावून नष्ट करण्यात आला. बेंटन जोन्सने १८८३ मध्ये बांधलेला सीडर पूल २००२ मध्ये जाळपोळीत गेला व त्याचे नाव नोंदवहीतून वगळले गेले. मूळ नमुन्याबरहुकूम बांधलेला नवा पूल २००४ मध्ये पुरा झाला. २०१७ मध्ये तोही जाळण्यात आल्यावर २०१९ मध्ये तिसऱ्यांदा उभारण्यात आला. आकार, जोडणी व नाव तेच असले, तरी नोंदवहीच्या दृष्टीने मूळ लाकूड व त्यावरील कारागिराचे काम नाहीसे झाले, की पुरावाही नाहीसा होतो. परगण्यातील रहिवाशांनी मात्र दोन्ही वेळा पूल पुन्हा बांधण्याचाच निर्णय घेतला. नोंदवही मूळ वस्तूचे मोल सांगते. त्या वस्तूविषयीची आस्था टिकविणे हे ती जेथे उभी आहे त्या गावाचे काम असते, हे सीडर पुलाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.