सुताराला पहिले काम कोण देणार?



जव्हारच्या पाड्यांवरून वसई-भिवंडीकडे कामाला गेलेले तरुण नोकरी सुटली की परत येतात, हे आपल्याला नवे नाही. यंदा परतलेल्यांत एक सुतार आहे. फर्निचरच्या कारखान्यात अकरा वर्षे काढली. नवी यंत्रे आली आणि कारागीर घरी बसले. त्याला पुन्हा कुठेतरी चिकटवून द्या, असे घरचे म्हणत होते. मी त्याला स्वतःचे काम सुरू करायला सांगितले. असा सल्ला देताना नुसता धीर देऊन भागत नाही, म्हणून हे लिहितो.

कारखान्यात लाकूड, दर, गिऱ्हाईक सारे मालक पाहतो. कारागिराला ठाऊक असतो तो पगार. या बांधवाने पहिल्याच टेबलाचा भाव 3,500 रुपये सांगितला. लाकूड, स्क्रू, पॉलिश यांचेच 3,200 होत होते आणि काम चार दिवसांचे! मी त्याला वहीत मांडायला लावले. रोजी 700 प्रमाणे मजुरी 2,800, हत्यारांची झीज व टेम्पोभाडे 300. बेरीज 6,300. आकडा पाहून तो म्हणाला, "एवढे कोण देईल, बाबा?" गिऱ्हाईकाने घासाघीस केली आणि 5,900 दिले. त्या दिवसापासून तो वही जवळ ठेवतो.

लाकूड वखारीतूनच आणि पावती घेऊन घ्यावे. आमच्या भागात साग दारात स्वस्त मिळतो, पण चोरटा माल पकडला तर वन कायद्याखाली लाकडाबरोबर हत्यारेही जप्त होऊ शकतात. रंधा आणि करवत गेली की सुताराचे उरले काय?

सरकारची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यातील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे, टोपल्या-चटया विणणेही आहे. प्रशिक्षणात रोज 500 रुपये भत्ता, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने पहिले कर्ज 1 लाखापर्यंत, तेही तारणाशिवाय. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो, आणि अर्जदार स्वतंत्रपणे हातकाम करणारा असावा लागतो. म्हणून आधी धंदा, मग अर्ज. माझे मत विचाराल तर प्रशिक्षण आणि हत्यारे जरूर घ्यावीत. कर्जाला मात्र हातात चार-सहा कामे येईपर्यंत थांबावे. पहिल्या कर्जाची फेड 18 महिन्यांची असते, आणि पावसाळ्यात इथे घरांची कामे बंद पडतात. तेव्हा त्याला शेतात भातलावणीलाच जावे लागणार आहे. त्यात कमीपणा नाही.

आपण मंडळीने काय करावे? जुने कपडे पाठवण्याऐवजी त्याला काम द्या. बाक, कपाट, दाराची चौकट, काहीही. सामानापुरते पैसे आगाऊ द्या, उरलेले वस्तू घरी पोचली त्याच दिवशी. "आपलाच माणूस आहे, पुढच्या महिन्यात देऊ" या शब्दांनी नवे धंदे सर्वांत लवकर बसतात. काम मनासारखे नसेल तर त्याला तोंडावर सांगा आणि दुरुस्त करून घ्या, दयेपोटी गप्प बसू नका. कोणाच्या घरी वापरात नसलेली पण चालू स्थितीतील पटाशी, गुण्या किंवा शिकंजा असेल तर तोही चालेल. आमच्या सभागृहासाठी त्याला बारा बाकांचे काम दिले आहे. चार तयार आहेत, उरलेले पावसाच्या आत व्हायचे आहेत.