रात्री दोन वाजता न झालेलं काम

घरच्या कॉम्प्युटरवरचा आपोआप होणारा बॅकअप बंद पडलाय, हे बहुतेक घरांना कळतं ते मूळ डिस्क गेल्यावर. बाहेरची डिस्क जोडावी, तर तिच्यातल्या सगळ्यात नव्या फाइलवर आठ महिन्यांपूर्वीची तारीख. गेली वीसेक वर्षं नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची अशी मशीन पाहत आलोय. बिघाडाची कारणं काळाप्रमाणे बदलत गेली. मशीनचं गप्प राहणं मात्र बदललं नाही आणि खरं नुकसान त्यानेच केलं, असं माझं ठाम मत आहे.

विंडोज एक्सपी 2001 साली आलं. त्यात बॅकअपचा प्रोग्राम होता, पण होम आवृत्तीत तो आपणहून बसत नसे. सीडीतल्या एका फोल्डरमधून तो वेगळा बसवावा लागे आणि असेंबल केलेल्या मशीनची सीडी बहुतेकदा मशीन जोडून देणाऱ्याकडेच राहिलेली असे. बसवला, तरी वेळ ठरवायचा प्रश्न होताच. लोक रात्री दोनची वेळ देत आणि झोपण्यापूर्वी कॉम्प्युटर बंद करत. महाराष्ट्रात ती भारनियमनाची वर्षं. दिवसाची वेळ द्यावी, तर नेमकी तेव्हा वीज नसे. शिवाय एक्सपीत पासवर्ड नसलेल्या खात्यावर असं ठरवून दिलेलं काम चालतच नसे, आणि घरात सगळे मिळून वापरत त्या कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवायची पद्धत नव्हती. काम यादीत दिसे, पुढची तारीखही दिसे आणि ते कधीच होत नसे. हुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर उरकून घेण्याची सोय 2007 च्या व्हिस्टात आली. तीही आपण त्या पर्यायावर खूण केली तरच.

मग यूएसबी डिस्क घरोघरी आल्या. त्यातल्या पुष्कळ डिस्क फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असत आणि त्या पद्धतीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. बॅकअपचा प्रोग्राम सगळं मिळून एकच मोठी फाइल बनवणारा असेल, तर सुरुवातीचे काही महिने सगळं सुरळीत चाले. घरात डिजिटल कॅमेरा आला, फोटो वाढले, की फाइल त्या मर्यादेशी येऊन अडे. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे आणि बॅकअप रोज एकाच ठिकाणी थांबलेला! कन्व्हर्ट कमांडने आतला डेटा न पुसता डिस्क ही अडचण नसलेल्या एनटीएफएस पद्धतीची करता येते, हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नसे.

विंडोज 7 (2009) मधला बिघाड सगळ्यात जास्त छळणारा. बॅकअप चालू असतानाही फाइली उघड्या असतात, म्हणून विंडोज आधी त्या क्षणाची शॅडो कॉपी घेतं आणि मग तिच्यावरून नक्कल करतं. विंडोज 7 बसताना 100 एमबीचा एक लपलेला विभाग तयार करत असे. सगळ्या सिस्टिमची इमेज घेताना त्याचीही शॅडो कॉपी लागे आणि एवढ्या छोट्या विभागात त्यासाठी किमान 50 एमबी जागा मोकळी असावी लागते. ती नसली की जागा कमी असल्याचा संदेश आणि 0x80780119 हा आकडा. लोक सी ड्राइव्ह रिकामा करत, मोठी डिस्क विकत आणत. कमतरता होती ती डोळ्यांना न दिसणाऱ्या विभागात. कोणत्या विभागात जागा हवी, एवढं त्या संदेशात असतं, तर कितीतरी घरांचे पैसे वाचले असते.

यापेक्षा मला जास्त सलतं ते पुढचं. आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांनी एक सवय सगळ्यांना लावली होती: सी ड्राइव्ह कधीही फॉरमॅट मारावा लागतो, तेव्हा कामाचं सगळं डी ड्राइव्हवर ठेवा. सल्ला योग्यच होता. पण 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर आलेली फाइल हिस्टरी दर तासाला नक्कल घेई ती लायब्ररी, डेस्कटॉप अशा ठरावीक जागांची. डी ड्राइव्हवरचं फोल्डर आपण मुद्दाम लायब्ररीत जोडलं नाही, तर तिला त्याचा पत्ताच नसे. बॅकअप रोज यशस्वी होई आणि आजोबांच्या आठवणी, भिशीचा हिशोब, लग्नाचे फोटो त्यात नसत. इथे यंत्रात बिघाड काहीच नव्हता, म्हणून शोधायला जाण्याचं कारणही कुणाला दिसलं नाही.

मराठी मजकुराची तऱ्हा आणखी वेगळी. श्री-लिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतात. फॉन्ट असतो सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरमध्ये, बॅकअप होतो फक्त डॉक्युमेंटचा. नव्या मशीनवर फाइल परत आणली की ती उघडते, पण दिसतात नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. कुणी हाताने झिप करायला गेलं, तर विंडोजची जुनी झिप सोय देवनागरी नावाच्या फाइली घ्यायलाच नकार देई. तिने निदान तसं सांगितलं तरी!

मॅकवरच्या टाइम मशीनचं मला याच कारणासाठी कौतुक आहे. 2007 पासून ते दर तासाला नक्कल घेतं आणि बरेच दिवस बॅकअप झाला नाही, तर तसं तोंडावर सांगतं. व्यावसायिकांकडेही हे नेहमी साधतंच असं नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा रोजचा बॅकअप डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीच्या साधनामुळे फसत होता असं आढळलं. त्याची सूचना देणारे ईमेल निघत होते, पण पलीकडे नाकारले जात होते.

आता बहुतेक घरांची भिस्त क्लाउडवर आहे. जून 2021 पासून गूगल फोटोजमधले नवे फोटो 15 जीबीच्या फुकट जागेत मोजले जाऊ लागले; जागा भरली की बॅकअप थांबतो. शिवाय सिंक असेल, तर इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते.

म्हणून कुणी मशीन दाखवायला आणलं, की शेड्यूल, पासवर्ड, फॉरमॅट हे सगळं मी नंतर पाहतो. आधी बॅकअपमधून एक फोटो आणि एक जुनं मराठी पत्र दुसऱ्याच कॉम्प्युटरवर परत आणून उघडायला लावतो. पत्रात रोमन अक्षरं दिसली, तर जुन्या मशीनमधून फॉन्टची फाइल काढून पत्रांच्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि ते फोल्डर बॅकअपच्या यादीत आहे ना, हे तिथल्या तिथे पाहायचं.