वॉर्साचा 'जुना' बाजारचौक

पोलंडची राजधानी वॉर्सा येथील जुन्या शहराच्या बाजारचौकात पाऊल टाकताच तीन-चारशे वर्षे मागे गेल्याचा भास होतो. उतरत्या लाल छपरांच्या उंच, अरुंद घरांच्या चार रांगा आणि त्यांच्या भिंतींवरील रंगीत नक्षी असा सारा थाट जुना आहे. प्रत्यक्षात यातील बहुतेक घरांचे बांधकाम १९५३ साली पूर्ण झाले आहे.

चौक मात्र खरोखरच जुना. तेराव्या शतकाच्या अखेरीस शहर वसले, तेव्हाच ९० मीटर लांब व ७३ मीटर रुंद असा हा चौक आखला गेला. मधोमध नगरभवन होते; ते १८१७ मध्ये पाडण्यात आले. १६०७ च्या भीषण आगीनंतर धनिक व्यापाऱ्यांनी घरे नव्याने उभारली आणि चौकाला प्रबोधनकालीन तोंडवळा लाभला.

ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सावासीयांनी नाझी सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. या लढाईत व त्यानंतर जर्मनांनी योजनाबद्ध रीतीने केलेल्या विध्वंसात जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. चौकात काही भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

मूळ वास्तू जपावी, तिची नक्कल करू नये, हा वास्तुसंवर्धनाचा तोवरचा दंडक. शत्रूने हेतुपुरस्सर पुसलेल्या वारशाला तो कसा लावायचा, असा प्रश्न वास्तुतज्ज्ञ यान झाखवातोविच यांच्यापुढे होता. त्यांनी पुनर्बांधणीचा कौल दिला. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातील वास्तुशास्त्राच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी तयार केलेली घरांची मोजमापे आणि नकाशे युद्धकाळात लपवून ठेवण्यात आले होते. तेच आता कामी आले. आसपासच्या रस्त्यांसाठी बेलोत्तो या अठराव्या शतकातील इटालियन चित्रकाराच्या चित्रांचाही आधार घेण्यात आला. ढिगाऱ्यांतून वेचलेले कोरीव दगड पुन्हा भिंतींत बसविले गेले. विटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा व्रोत्सवाफसारख्या शहरांतील पडक्या इमारतींतून त्या आणल्या. एका शहराचा वारसा सावरताना दुसऱ्याचा खर्ची पडला, हेही नोंदवायला हवे.

शिवाय ही नक्कल तंतोतंत नाही. एकोणिसाव्या शतकातील अनेक वाढीव बांधकामे गाळली गेली, दाटीवाटीची परसे मोकळी करण्यात आली आणि जुन्या दर्शनी भागांमागे आधुनिक सोयींची घरे आली. भिंतींवरील बरीचशी चित्रेही १९५० च्या दशकातील कलावंतांचीच आहेत.

'युनेस्को'ने १९८० मध्ये जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या पुनर्बांधणीची दखल घेऊनच. पुनर्बांधणी कार्यालयाचे नकाशे व कागदपत्रे २०११ पासून 'युनेस्को'च्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत आहेत. चौकाच्या मधोमध ढाल-तलवार घेतलेली जलपरी, वॉर्साचे मानचिन्ह, उभी आहे. १८५५ मधील मूळ शिल्प आता चौकातल्याच संग्रहालयात असून, बाहेर दिसते ती त्याची प्रतिकृती.